एल्कच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोराहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आवरून इथं देतो.

"काका, मी मूळचा कणकवलीजवळचा, वय चौतीस. चार वर्षं झाली, एच-वन-बीवर ऑरोरात आहे. ऑफिसमधले दोघं दर ऑक्टोबरात एल्कच्या (इथलं सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला जातात. यंदा मलाही चल म्हणतात. लहानपणी भात पोटरीला आलं की मी आजोबांबरोबर रात्री मचाणावर राखणीला बसायचो. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मी त्यांच्याबरोबर जायचो. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले, बंदूक अजून घरात माळ्यावर आहे. इथं मित्र म्हणतात, .३०० विन मॅग (मोठ्या, जोरकस काडतुसाची रायफल) घे, एकदाच काय ती मोठी घे, मूसपर्यंत (एल्कहूनही मोठं हरीण) सगळ्याला चालेल. माझं बजेट सगळं मिळून दीड हजार डॉलर आहे. बायकोलाही शिकायचंय, ती पाच फूट एक इंच आहे. एका रायफलीत दोघांचं भागेल का? एक मित्र म्हणतो, शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर ये, माझीच रायफल चालवून बघ, मग ठरव. काय करू? (मला अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल.)"

बरं, अरे-तुरेच करतो.

शनिवारी रेंजवर जाऊ नकोस. अजून नको. तू रायफल कोणती घेऊ असं विचारलंयस, पण एच-वन-बीवर असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तो नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९८ पासून नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच, तो म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. 'जवळ बाळगणं' म्हणजे विकत घेऊन कपाटात ठेवणंच नव्हे. रेंजवर मित्राची रायफल पाच मिनिटं हातात धरून चार गोळ्या झाडल्या, तरी कायद्याच्या लेखी ती तुझ्या ताब्यात होती. मित्र इथलाच जन्मलेला असेल तर त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तो चांगल्या मनानंच बोलावतोय. पण गुन्हा केंद्राचा आहे, आणि त्यात तुरुंगाबरोबर व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, सगळंच पणाला लागतं. रेंजवरचे हसरे फोटो फेसबुकवर टाकणारी आपली मुलं मी बघतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

तेव्हा क्रम असा धर. आधी शिकार-शिक्षणाचा कोर्स. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो केल्याशिवाय परवाना मिळत नाही. कोर्सचा बराचसा भाग घरबसल्या होतो, शेवटी प्रत्यक्ष सत्र असतं. मी आठ वर्षं या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो, म्हणून सांगतो: प्रत्यक्ष सत्राच्या आधी शिकवणाऱ्याला व्हिसाचं सांगून टाक, म्हणजे तुझ्या हातात चालती बंदूक न देता तो भाग कसा करायचा ते तो बघेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोर्सचा नंबर हातात आला की कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफकडून लहान शिकारीचा (ससे, पक्षी अशा छोट्या जनावरांचा) वार्षिक परवाना काढ. चार वर्षं राहतोयस, म्हणजे रहिवासी दरानं मिळेल, त्याला सलग सहा महिन्यांचं वास्तव्य पुरतं. हा परवाना मार्चपासून पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालतो. मोठ्या शिकारीच्या (एल्क, हरीण) सोडतीत अर्ज करायलाही तो लागतो, आणि सोडतीची शेवटची तारीख एप्रिलचा पहिला मंगळवार असते. आणि पुढच्या वर्षी, परवाना संपायच्या आत नवा काढायचा, एक दिवसही मध्ये जाऊ द्यायचा नाही. रायफल घरात आणि परवाना संपलेला, ही अवस्था तुझ्यासाठी धोक्याची आहे.

बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, असणार. तिलाही हेच लागू. तुझ्या परवान्यावर तिचं भागत नाही, तिचा कोर्स वेगळा, परवाना वेगळा. ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकली असेल तर दोघांची नेमकी स्थिती काय, हे इमिग्रेशनच्या वकिलाला ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव.

परवाना आला की मग दुकान. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात व्हिसाचा प्रश्न आहे, आय-९४ चा (देशात आल्याच्या नोंदीचा) क्रमांक मागतात, परवाना दाखवावा लागतो. गांजाचाही प्रश्न आहे. कोलोरॅडोत गांजा दुकानात मिळतो म्हणून पुष्कळांना वाटतं की त्यात काय, पण फॉर्म केंद्र सरकारचा आहे आणि केंद्राला राज्याची ती मुभा मान्य नाही. ते त्याच प्रश्नाखाली ठळक छापलेलं आहे. फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. मित्राकरवी त्याच्या नावावर घेऊन तू पैसे देणं, हाही. पूर्वेतिहासाची तपासणी होते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून या राज्यात रायफल हातात पडायला किमान तीन दिवस थांबावं लागतं. शिकारीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून घ्यायची वस्तू ही नव्हेच.

आता रायफलीकडे येतो.

माझी पहिली रायफल .३०० विन मॅगच होती. २००३ साल. दुकानातल्या माणसानं सांगितलं, एल्क मोठं जनावर, सातशे पौंडांचा नर, त्याला मोठीच पाहिजे. मी घेतली. हलकी होती, चढायला बरी म्हणून. पहिल्या दिवशी रेंजवर टेबलाशी बसून बारा गोळ्या झाडल्या आणि संध्याकाळी उजव्या खांद्यावर बशीएवढा निळा डाग पडला. पुढची दोन वर्षं मी तिच्याशी फार सलगी केली नाही. हंगामाच्या आधी सात-आठ गोळ्या झाडायच्या, कागदावर कुठंतरी लागतायत एवढं बघायचं आणि डोंगरात जायचं.

तिसऱ्या वर्षी उत्तरेकडच्या उतारावर, घोट्याएवढ्या बर्फात, सकाळी आठाच्या सुमाराला एक मादी समोर आली. दोनशे तीस यार्ड, पूर्ण आडवी उभी. याहून सोपी गोळी एल्कवर मिळत नाही. मी चाप ओढला. ती वाकली, पाठ कमानीसारखी वर आली आणि ती झाडीत चालत गेली. धावली नाही, चालत गेली. जागेवर पोचलो तर बर्फावर रक्त कमी आणि त्यात हिरवट, चघळलेल्या गवताचा चोथा. गोळी छातीच्या हातभर मागे, पोटात. अंधार पडेपर्यंत मी मागावर होतो. रात्री चार बोटं बर्फ पडलं. दुसरा अख्खा दिवस शोधलं, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कावळे कुठं उतरतात ते बघत फिरलो. ती सापडली नाही. माझा हंगाम तिथंच संपला. टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) कोराच होता, पण ते जनावर माझ्या नावावर होतं.

त्या हिवाळ्यात एका वयस्कर शिकाऱ्यानं मला रेंजवर नेलं. त्यानं माझी रायफल घेतली, पाठ फिरवून भरली आणि माझ्या हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं टक् वाजलं. त्यानं डमी काडतूस घातलं होतं. पण नळीचं तोंड मात्र खाली आणि बाजूला चांगलं चार बोटं हललं. गोळी सुटलीच नव्हती, तरी माझे डोळे मिटले होते, खांदा पुढं आला होता, हात आवळला होता. दहा वेळा त्यानं तसंच केलं, कधी खरं, कधी डमी, आणि दहाही वेळा मी तेच केलं. माझ्या अंगानं त्या रायफलीचा धसका घेतला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दणका येणार म्हणून शरीर आधीच दचकतं, आणि त्या दचकण्यात दोनशे यार्डांवर हातभराचा फरक पडतो.

म्हणून तुला माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हे: ज्या रायफलीची भीती वाटत नाही अशी घे. जनावर मरतं ते गोळी कुठं लागते त्यानं. फुप्फुसातून गेलेली मध्यम गोळी एल्कला काही क्षणांत खाली आणते, पोटातून गेलेली मोठी गोळी आणत नाही, ते मी पाहिलंय.

आकड्यांत सांगायचं तर आठ पौंड वजनाच्या रायफलीत ६.५ क्रीडमोर या मध्यम काडतुसाचा दणका साधारण १२-१३ फूट-पौंड (जोराचं माप) येतो, .३०८ विंचेस्टरचा १७-१८, आणि .३०० विन मॅगचा २५ च्या पुढे. पहिलीच्या दुप्पट. कसलेल्या माणसाला तो सोसतो, नवख्याला सोसत नाही, आणि नवख्यानं वर्षाला दोनशे गोळ्या तरी झाडायला हव्यात. दुखणाऱ्या खांद्यानं कोण झाडतो?

कायद्याचीही किमान मर्यादा आहे. कोलोरॅडोत मोठ्या शिकारीसाठी गोळीचा व्यास .२४ इंच, म्हणजे सहा मिलिमीटर तरी हवा. गोळी लागल्यावर उमलणारी असावी लागते, हरणासाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), एल्क आणि मूससाठी ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंडांचा जोर. म्हणजे .२२३ बाद. पण .२४३ नियमात बसते म्हणून एल्कवर ती नवख्यानं न्यावी असं मी म्हणणार नाही. हरणाला ती सुरेख आहे. एल्कचा खांदा जाड असतो, तिथं चुकीला जागा उरत नाही.

तू एकट्यासाठी विचारलं असतंस तर मी डोळे झाकून .३०८ म्हटलं असतं. १९५२ सालापासून ती चालत आलीय, डोंगरातल्या गावातल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानातही तिची पेटी मिळते, आणि १६५ ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवरही दीड हजार फूट-पौंडांहून जास्त जोर राखून असते. जुनी थर्टी-ऑट-सिक्स आणि .२७० याही तितक्याच भरवशाच्या. कुणी सेकंडहँड चांगली देत असेल तर नको म्हणू नकोस. पण बायकोलाही तीच चालवायची आहे, म्हणून ६.५ क्रीडमोर घे. २००७ मध्ये आलेली ही गोळी खरं तर नेमबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेली. जुने शिकारी तिला एल्कवर न्यायला नाकं मुरडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. दोन अटी पाळल्यास तर ती पुरेशी आहे: गोळी चांगल्या बांधणीची, आणि अंतर अडीचशे यार्डांच्या आत. नवख्यानं त्यापुढे झाडूच नये, हातात काहीही असो.

यंत्रणा बोल्ट अ‍ॅक्शनचीच घे. एक गोळी झाडली की हातानं खटका उचलून, मागं ओढून, पुन्हा ढकलल्याशिवाय दुसरी आत येत नाही. या एवढ्या कामात माणूस शुद्धीवर येतो आणि पहिल्या गोळीला मान द्यायला शिकतो. शिवाय बोल्ट काढून घेतला की रायफल निव्वळ लोखंडाची नळी उरते, घरी ठेवायला ते बरं. काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलींसाठी कोलोरॅडोनं २०२५ मध्ये नवा कायदा केलाय, १ ऑगस्ट २०२६ पासून प्रशिक्षण आणि शेरीफचं (काउंटीच्या पोलीस प्रमुखाचं) कार्ड लागतं. तुला त्या वाटेला जायचं कारण नाही.

रूगर अमेरिकन, सॅवेज, टिक्का, यातली कुठलीही पाचशे ते नऊशे डॉलरांत येते आणि तिन्ही कारखान्यातून निघतात तशाच तुझ्यापेक्षा चांगला नेम धरतात. मला विचारशील तर फिनलंडची टिक्का. तिचा बोल्ट काचेवरून सरकल्यासारखा चालतो आणि चाप स्वच्छ सुटतो. पण दुकानात नाव बघून घेऊ नकोस, अंगाला लावून घे. आपण बहुतेक जण इथल्या सरासरी माणसापेक्षा आखूड हातांचे, आणि इथला दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा असतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकव आणि बोट चापाकडे ने. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर दस्ता लांब आहे. दुसरी परीक्षा: डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव, मग डोळे उघड. स्कोपमध्ये (रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीत) पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जुळलं. अर्धा चंद्र दिसत असेल, मान वर-खाली करावी लागत असेल, तर ती रायफल तुझी नाही. सॅवेजच्या काही रायफलींत दस्त्याची लांबी आणि गालाची उंची पट्ट्या घालून कमी-जास्त करता येते. पाच फूट एक इंचाची बायको आणि तू, दोघांना एकच वापरायची तर हे माझ्या आवडत्या टिक्कापेक्षा जास्त मोलाचं ठरेल. दोघं मिळून दुकानात जा. नवऱ्यानं निवडून घरी आणलेली रायफल बायकोला बसली असं मी फार कमी पाहिलंय.

अजून एक, जे दुकानात कुणी विचारत नाही: तुझा जोरकस डोळा कोणता? दोन्ही तळवे समोर धरून अंगठ्यांमध्ये छोटी खिडकी कर, लांबची एखादी वस्तू त्यात धर, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं वस्तू खिडकीतच राहते तो तुझा. माझ्या वर्गात दर वेळी दोन-तीन जण उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे निघतात. अशांना डाव्या हाताची रायफल सुरुवातीलाच शिकवली तर महिन्याभरात सवय होते. दहा वर्षांनी मोडणं कठीण.

स्कोपवर फार बोलत नाही. ३ ते ९ पटीचा, ४० मिलिमीटर काचेचा साधा स्कोप, अडीचशे-तीनशे डॉलरांचा, आणि तो बसवायच्या रिंगा चांगल्या. वीस-पंचवीस पटींचे स्कोप झाडीत गोंधळ करतात. डोळा आणि काच यांत साडेतीन-चार इंच अंतर राहू दे, नाहीतर दणक्यासरशी काचेची कड भुवईवर अर्धगोल कोरते.

दीड हजारातले रायफल आणि स्कोप मिळून हजारेक जातील. उरलेले गोळ्यांना ठेव. सरावाला स्वस्त फुल मेटल जॅकेट चालेल, पण ती शिकारीला न्यायची नाही. ती उमलत नाही, आरपार जाते, आणि मोठ्या शिकारीत इथं बेकायदा आहे. डोंगरात जी गोळी न्यायची, सरावाच्या शेवटच्या चाळीस-पन्नास वेळा मात्र तीच झाडून, तिच्यावरच नेम बसवून घे. मी गेली कित्येक वर्षं निव्वळ तांब्याची वापरतो. शिशाची गोळी मांसात बारीक कणांनी दूरवर पसरते, ते मांस आपण पोरांना घालतो, आणि मागं टाकलेली आतडी गरुड खातात, त्यांना शिशाची बाधा होते. कॅलिफोर्नियानं २०१९ च्या जुलैपासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही, मी माझ्यापुरती केली आहे. पेटी घेताना नळीवर कोरलेलं नाव आणि पेटीवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघ. आकडे सारखे दिसतात आणि चुकीचं काडतूस रायफल फोडू शकतं.

राज्यानं एप्रिल २०२५ पासून बंदुका आणि काडतुसांवर साडेसहा टक्के कर लावलाय, तोही बजेटात धर. केंद्राचा अकरा टक्के कर किमतीत आधीच असतो. १९३७ च्या कायद्यानं तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. कोलोरॅडोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज देशात सगळ्यात जास्त एल्क याच राज्यात आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावी फोनवर शिकारीला जातो म्हणालास की आईला धक्का बसेल. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. तिथं राहिलेल्या जनावरांना तेवढाच आसरा. इथं किती टॅग द्यायचे ते दर वर्षी कळपाच्या संख्येवरून ठरतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, आईला तसं समजावून सांग.

सरावाचं. आजोबा मचाणावरून वीस-पंचवीस पावलांवर बार काढत असतील. इथं अंतर दहापट. रायफल दोनशे यार्डांवर नेमकी बसव, म्हणजे शंभरावर गोळी दोनेक इंच वर लागेल आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. नेम बसेपर्यंत टेबलाशी बस, नंतर टेबल सोड. डोंगरात टेबल नसतं. नऊ इंची कागदी जेवणाची प्लेट घे, तिच्या मध्ये काही काढू नकोस, कारण जनावराच्या अंगावरही ठिपका नसतो. शंभर यार्डांवर मांडी घालून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर रायफल टेकवून, पाचच्या पाच प्लेटमध्ये आल्या की दीडशेवर जा. ज्या अंतरावर पाचातली एक बाहेर जाते, त्याच्या अलीकडचं अंतर हे तुझं. मित्रांचं चारशे असेल तर असू दे. आणि दर खेपेला मित्राला मध्ये डमी काडतूस घालायला सांग. नळी हलली की त्या दिवशीचा सराव थांबव.

पहिल्या वर्षी मादीचा टॅग माग. शिंगांच्या मोहात माणूस लांबची, वाकडी गोळी घेतो. मादी एल्कचंही हाडं काढून शंभर-सव्वाशे पौंडांच्या पुढे मांस निघतं, आणि ते नऊ-दहा हजार फुटांवरून पाठीवर खाली आणायचं असतं. चारही पायांकडचे तुकडे आणि पाठीचं मांस आणणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणलंच पाहिजे असं मला कायदा नसता तरी वाटलं असतं. टॅग ज्याच्या नावावर त्यानंच गोळी झाडायची. तुझ्या टॅगवर बायकोनं किंवा तिच्या टॅगवर तू, हे चालत नाही. एकच रायफल असल्यानं पहिल्या हंगामात एकानं झाडायचं आणि दुसऱ्यानं दुर्बीण धरायची, असं ठरवा. अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी, डोक्यावर त्याच रंगाची टोपी. गुलाबीला २०१६ पासून परवानगी आहे.

घरी रायफल कुलपात, बोल्ट वेगळा, काडतुसं तिसरीकडे. लहान मूल असेल किंवा येत-जात असेल तर हे राज्याच्या कायद्यानंही सक्तीचं आहे.

आणि शिकारीचं जाकीट, शिकारीची पिशवी, भारतात जाताना चुकूनही वापरायची नाही. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि 'माहीत नव्हतं' हे सिद्ध करायला कोर्टाच्या खेपा पडतात. माझ्या घरात शिकारीच्या सामानाची ट्रंक वेगळी आहे आणि तिच्यातली एकही गोष्ट विमानात चढत नाही.

पत्रातली एक ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली आणि बंदूक माळ्यावर आहे म्हणतोस. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आज ती बंदूक ज्याच्या घरात आहे, बहुधा तुझ्या वडिलांच्या, त्यांच्या ताब्यात ती विनापरवाना आहे. ठासणीची आहे, गंजली आहे, कोण विचारतंय, असं गावाकडे म्हणतात, पण शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीला वगळत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि आठवण म्हणून घरात ठेवायची असेल तर वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयात आपल्या नावावर परवाना मिळण्यासाठी अर्ज करायचा. उशीर झालाय, म्हणून वडिलांना एकटं पाठवू नकोस. कणकवलीतला एखादा वकील बरोबर घेऊन, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना हातात घेऊन जाऊ दे. इथल्या कोर्सचं नाव नोंदवायच्या आधी आज रात्रीच, तिकडे सकाळ झाली की, घरी फोन लाव.